अहिराणी गाण्यावर नाममुद्रा कोणाची?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मागे अहिराणी रॅप गाणाऱ्या मुलांविषयी एक पत्र प्रसिद्ध झाले होते. ही मुले अमेरिकेतल्या धांगडधिंग्याची नक्कल करतात आणि त्यापायी आपल्या लोकगीतांची मोडतोड होते, असा त्या पत्राचा सूर होता. पत्रलेखकाची कळकळ खरी आहे आणि गेल्या वर्षापर्यंत माझेही मत फारसे वेगळे नव्हते. मी भुसावळ विभागात ३४ वर्षे मालगाडीचा गार्ड म्हणून नोकरी केली आणि आता अमळनेरला असतो. माझा कान वही गायन हा खानदेशी लोकगायनाचा प्रकार, भजन आणि आकाशवाणीचे जळगाव केंद्र यांच्यावर घडलेला आहे. तरीही अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका रॅपगायकाचा स्वतःच्या बळावर काढलेला अल्बम मी तीन वेळा मन लावून ऐकला आणि त्यामुळे माझे मत बदलले. ते का बदलले आणि त्याचा आपल्या खानदेशातल्या पोरांच्या पोटापाण्याशी काय संबंध आहे, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा अल्बम मला माझ्या भाच्याने ऐकवला. भाव न पटल्यामुळे त्या वर्षी दिवाळीनंतरही बहिणीच्या घरचा कापूस विकला गेला नव्हता आणि पुढची अख्खी खोली जवळजवळ आढ्यापर्यंत कापसाने भरलेली होती. दाराशी जेमतेम दोन माणसे बसतील एवढी जागा मोकळी होती. तिथे भाच्याने एक स्टूल, लॅपटॉप आणि माइक मांडला होता. मी आत जाऊन बोललो तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला, कारण तीन बाजूंचा कापूस घुमारा पिऊन टाकत होता आणि ओठांतून निघालेला शब्द तेवढाच कोरडा, स्पष्ट कानावर येत होता. शहरातल्या स्टुडिओत तासाला पैसे मोजून जी शांतता मिळते ती त्याला कापसाच्या पडलेल्या भावाने फुकट दिली होती. हेडफोन माझ्या कानाला लावत तो म्हणाला, ‘मामा, हाई आयक. हाऊ माणूस आपलासारखाच बोलस.’ इंग्रजी गाणारा माणूस आपल्यासारखा कसा बोलेल, असे मला वाटले. पण दोन-तीन गाणी ऐकल्यावर त्याचे म्हणणे कळले. तो गायक शब्द ओढून, जड जिभेने, स्वर लांबवत बोलत होता, आणि ती त्याच्या गावाकडची बोली होती. ती सुधारून शहरी करण्याची गरज त्याला वाटलेली नव्हती.

या गायकाचे खरे नाव जस्टिन स्कॉट. गाण्यासाठी घेतलेले नाव बिग क्रिट. ‘क्रिट’ हे ‘किंग रिमेंबर्ड इन टाइम’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे मिळून झालेले नाव आहे, म्हणजे काळाने ध्यानात ठेवलेला राजा. त्याचा जन्म १९८६ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन या गावी झाला. मी नकाशा काढून हे गाव शोधले आणि माझा जीव तिथे गुंतला, कारण मेरिडियन हे आपल्या भुसावळसारखेच दोन लोहमार्ग जिथे मिळाले तिथे वाढलेले जंक्शनचे गाव आहे. भुसावळची वस्ती २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या पुढे होती. मेरिडियनची २०२० मध्ये जेमतेम ३५ हजार. अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा जनक मानला जाणारा जिमी रॉजर्सही याच गावाचा. तो रेल्वेत ब्रेक्समन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार होता आणि ‘गाणारा ब्रेक्समन’ म्हणूनच लोक त्याला ओळखत. ब्रेकच्या डब्यात रात्र रात्र काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको. शिवाय मिसिसिपी हे कापसाचे राज्य. ब्लूज नावाचे संगीत तिथल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या गळ्यातून आले, हे सर्वश्रुत आहे.

रॅप ज्याचा भाग आहे ते हिप हॉप मात्र न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास जन्मले आणि पुढची वीस वर्षे ते न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांच्याच मालकीचे मानले गेले. दक्षिणेच्या गायकांना तिथे गावंढळ समजत. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला नवोदितांचे पारितोषिक मिळाले, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. त्या गोंगाटात आंद्रे ३००० या गायकाने एवढेच सांगितले की, दक्षिणेला काही म्हणायचे आहे. ते वाक्य आज तिकडे म्हणीसारखे वापरले जाते. आमच्या शाळेत उत्तर देताना तोंडातून ‘शे’ बाहेर पडले की वर्ग हसायचा आणि गुरुजी ‘आहे म्हण’ असे सांगून ते वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. ज्यांनी हे सोसले आहे त्यांना त्या सभागृहात उभ्या असलेल्या दोन तरुण पोरांचे चेहरे डोळ्यांसमोर आणणे कठीण जाणार नाही.

क्रिटने २०१० आणि २०११ मध्ये स्वतःच बांधलेल्या संगीतावर गाणी रचून ती लोकांना विनामूल्य ऐकायला दिली आणि त्यांतून त्याचे नाव झाले. त्याच काळात, २०१० मध्ये, डेफ जॅम या मोठ्या कंपनीने त्याला करारबद्ध केले. कंपनीकडून त्याचे दोन अल्बम आले, २०१२ मध्ये आणि २०१४ मध्ये. त्यातला पहिला तर जाहीर झाल्यावर पुढे ढकलला जाऊन मग बाहेर पडला. २०१६ मध्ये तो त्या कंपनीतून बाहेर पडला आणि २७ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याने मल्टी अ‍ॅल्युमनाय या स्वतःच्या लेबलवरून ‘फॉरएव्हा इज अ मायटी लाँग टाइम’ हा अल्बम काढला. कायम म्हणजे फार मोठा काळ, असा त्या नावाचा अर्थ. बाजारात माल पोहोचवण्यासाठी त्याने बीएमजी या मोठ्या संगीत कंपनीचे साहाय्य घेतले होते, त्यामुळे त्याने एकट्याने सगळे उभे केले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण काय गायचे, किती गायचे आणि कधी काढायचे, हे ठरवणारा तोच होता. कोणत्याही व्यापारी कंपनीने त्याला एका दमात दोन तबकड्या आणि २२ गाणी काढू दिली असती असे मला वाटत नाही. तरीही हा अल्बम सर्वाधिक चालणाऱ्या अल्बमच्या अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत पहिल्या दहांत दाखल झाला.

या अल्बमची रचनाच मला सर्वांत अधिक भावली. अकरा अकरा गाण्यांचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाचे पहिले गाणे ‘बिग क्रिट’ आणि दुसऱ्या भागाचे पहिले गाणे ‘जस्टिन स्कॉट’. म्हणजे एका तबकडीवर चव्हाट्यावरचा माणूस आहे आणि दुसरीवर घरातला. पहिला भाग गाडीत ऐकण्यासाठी आहे. तिकडे गाडीच्या डिकीत मोठाले स्पीकर बसवून गावातून हळूहळू फेरी मारण्याची रीत आहे आणि क्रिटने सबवूफर या खालचा आवाज घुमवणाऱ्या स्पीकरविषयी गाण्यांची एक मालिकाच रचलेली आहे. तिचे चौथे गाणे या तबकडीवर आहे. आपल्याकडे हळदीच्या रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बॉक्स रचून जो बेस वाजवतात, ज्याने घराच्या पत्र्यांना आणि मांडणीवरच्या भांड्यांना थरथर सुटते, त्या बेसला मी आजवर निव्वळ उपद्रव समजत होतो. रात्री दहानंतर आणि रुग्णालयाजवळ तो उपद्रवच आहे, यात शंका नाही. परंतु नीट बांधलेल्या गाण्यात तो खालचा आवाज पखवाजाच्या डाव्या बाजूचे काम करतो, त्यावर शब्द उभा राहतो, हे मला या तबकडीने प्रथमच समजावले. पहिल्या भागातली पैशाची आणि ऐटीची गाणी मात्र मला आवडली नाहीत आणि शिव्या तर मुळीच नाहीत. भाच्याने त्या गाण्यांची तरफदारी केली, तरी माझे मत बदलले नाही.

दुसऱ्या भागाची गोष्ट निराळी आहे. त्यात चर्चमधल्या ऑर्गनच्या सुरावर सैतानाला दूर ठेवण्याची आळवणी आहे. नाव झाल्यावर आलेले एकटेपण, दारू आणि मनाची खचलेली अवस्था यांची उघड कबुली आहे. ट्रम्पेटच्या साथीने अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी बोलून दाखवणारे एक दीर्घ गाणे आहे. एका गाण्यात तर तो आपल्याच गाण्यांतल्या परस्परविरोधी गोष्टींची उलटतपासणी करतो. एका गाण्याच्या नावात मिसिसिपी, जॉर्जिया आणि कॅलिफोर्निया या तिन्ही राज्यांची नावे गुंफलेली आहेत. गाव सोडून पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेल्या आपल्या मुलांनी ते जरूर ऐकावे. अहिराणीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघालेल्या लेकीची शेकडो गाणी आहेत. पण सुरतेच्या कापड गिरणीत गेलेल्या मुलाच्या मनातले गाणे आपल्याकडे कोणी रचले आहे काय? मला तरी आठवत नाही.

आता त्या पत्रलेखकांच्या मूळ आक्षेपाकडे येतो. रॅप हे आपल्या मातीत उपरे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. खानदेशात कलगी आणि तुरा या दोन फडांचे सवाल-जवाब रात्ररात्र चालत आणि समोरच्या शाहिराला तिथल्या तिथे, तालात, यमकात उत्तर देता आले नाही तर त्याला मान खाली घालावी लागे. डफावर आणि तुणतुण्यावर अशी झुंज ऐकलेल्या माणसाला रॅपगायकांची जुगलबंदी परकी वाटण्याचे काही कारण नाही. त्याहून मोठे साम्य नाममुद्रेचे आहे. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘दासी जनी’ हे शब्द अभंगाच्या शेवटी येतात ते केवळ रीत म्हणून येत नाहीत. हे बोल कोणाचे आहेत, याची ती साक्ष असते. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा कवीने आपले नाव ओवीतच विणून ठेवले, म्हणजे गाणे कुठेही गेले तरी नाव बरोबर जाईल. रॅपगायकही आपले नाव गाण्यातच घेतो. त्याला अनेक जण बढाई समजतात, मीही तसेच समजत होतो.

नाव गाण्यापासून तुटले की काय होते, हे आमच्या घराने अनुभवले आहे, म्हणून हे पोटतिडकीने लिहितो आहे. भाचा एकोणीस वर्षांचा असताना त्याने लग्नात वाजण्याजोगे एक अहिराणी गाणे लिहिले आणि चालही त्यानेच लावली. गाणी काढणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने त्याला सात हजार रुपये रोख देऊन स्टँप पेपरवर सही घेतली. घरात कोणी तो कागद वाचला नाही; सात हजार हातात पडले याचाच आनंद होता. गाणे चालले. आमच्या भागातल्या हळदींत ते दोन हंगाम वाजले. पण व्हिडिओखाली गीतकार म्हणून नाव दुसऱ्याचेच होते. पुढे भाच्याने तेच गाणे साध्या ढोलकीवर म्हणून स्वतःच्या चॅनेलवर टाकले, तर चार दिवसांत हक्कभंगाची सूचना येऊन ते उतरवले गेले. आपणच रचलेले गाणे आपण म्हणू शकत नाही, हे त्या पोराला कोणत्या शब्दांत समजावून सांगावे ते मला कळेना. त्यानंतर तीन वर्षे त्याने वहीला हात लावला नाही.

तो कागद मी निवृत्तीनंतर एका वकील स्नेह्याला दाखवला, तेव्हा जी माहिती मिळाली ती आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावी अशी माझी फार इच्छा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला देणे हे लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते; कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते, हे त्यात लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच समजला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने त्याहून मोठी गोष्ट केली. ध्वनिमुद्रणात वापरल्या गेलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या कर्त्याला रॉयल्टीचा, म्हणजे गाण्याच्या वापरापोटी मिळणाऱ्या मोबदल्याचा समान वाटा मिळण्याचा जो हक्क आहे, तो त्याने स्वतः लिहून दिला तरी कंपनीकडे जात नाही; तो वारसांना किंवा नोंदणीकृत संस्थेलाच देता येतो. आणि कलम ५७ असे सांगते की, गाणे विकल्यानंतरही ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शाबूत राहतो. म्हणजे नाममुद्रेला आपल्या देशात कायद्याचेच संरक्षण आहे. गीतकार-संगीतकारांसाठी या रॉयल्टीची वसुली करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून देशात काम करते. आमच्या तालुक्यातल्या हळदीची गाणी लिहिणाऱ्या ज्या ज्या मुलांना मी विचारले, त्यांच्यापैकी एकानेही तिचे नाव ऐकलेले नव्हते.

हे लिहीत असताना बहिणाबाई चौधरींची आठवण होणे अपरिहार्य आहे. आसोद्याच्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या रचल्या जात आणि हवेत विरून जात. त्यांतल्या ज्या घरच्यांनी उतरवून घेतल्या त्याच वाचल्या. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या ओव्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. घरात असा मुलगा नसता तर ते शब्द आज ‘पारंपरिक’ या नावाखाली कोणाच्याही मालकीचे झाले असते, आणि २०१८ मध्ये आपल्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळण्याचा प्रश्नच आला नसता. अशा किती बहिणाबाई ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली गाडल्या गेल्या असतील, याचा विचार केला की मन सुन्न होते.

क्रिटसारखे करणे आपल्याकडे शक्य आहे का, असे मला गावात विचारले जाते. माझे उत्तर असे की, आपल्याकडे ते नवीनही नाही. दक्षिणेकडच्या अमेरिकन गायकांनी कंपन्यांनी दार उघडले नाही तेव्हा गाडीच्या डिकीतून कॅसेटी विकल्या. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारापासून थोड्या अंतरावर सतरंजी टाकून स्वतःच्या भजनांच्या कॅसेटी विकणारे बुवा मी स्वतः पाहिले आहेत. त्यांच्याकडून घेतलेली एक कॅसेट अजून घरात आहे आणि तिच्या वेष्टनावर गाणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे आणि ढोलकीवाल्याचेही नाव छापलेले आहे. आता सतरंजीच्या जागी मोबाइल आला आहे. पोराला आपले गाणे जगापुढे ठेवायला मुंबईची परवानगी लागत नाही. हाताशी एक माइक आणि पदरी थोडा धीर असला की पुरतो. उणीव आहे ती वाचून सही करण्याच्या सवयीची आणि एकेका गाण्याऐवजी सलग, विचारपूर्वक रचलेल्या मोठ्या कामाची. हळदीचे गाणे दोन हंगाम वाजते आणि विरते. दीड तासाचा अल्बम ऐकणारा श्रोता घडवावा लागतो, आणि तिथे वृत्तपत्राचे काम येते.

आपल्या रविवार पुरवणीत चित्रपटांची परीक्षणे नियमित येतात, पुस्तकांचीही येतात. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, भिली आणि पावरी बोलींत स्वतंत्रपणे निघणाऱ्या गाण्यांचे परीक्षण मात्र माझ्या वाचनात आजवर आलेले नाही. महिन्यातून एकदा अर्धा स्तंभ या कामासाठी द्यावा, अशी माझी आपणास नम्र विनंती आहे. त्यात स्तुतीच असावी असे नाही. शब्द उथळ असतील, चाल उसनी असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण दुर्लक्षापेक्षा कठोर परीक्षण या मुलांना अधिक उपयोगी पडेल. तसेच एखाद्या अहिराणी गाण्याला किती लाख लोकांनी पाहिले, अशी बातमी आपण अधूनमधून देता. तिच्यात नाचणाऱ्या कलाकारांची नावे असतात, पण गाणे कोणी लिहिले हे नसते. ते नाव शोधून छापण्याचा नियम आपण घालून घ्यावा. आणि कॉपीराइट कायद्यातल्या वर सांगितलेल्या तरतुदी एखाद्या जाणकार वकिलाकडून सोप्या मराठीत लिहवून घेऊन लग्नसराई सुरू होण्यापूर्वी छापाव्यात, कारण सह्या घेणारी माणसे त्याच सुमारास गावोगाव फिरतात.

भाच्याने त्या कापसाच्या खोलीत सात गाणी ध्वनिमुद्रित केली. आठवे सुरू असताना व्यापाऱ्याचा टेम्पो दारात आला, भाव ठरला आणि दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. आता तिथे आवाज घुमतो, म्हणून बहिणीने आपल्या चार जुन्या गोधड्या भिंतींना टांगून दिल्या आहेत आणि उरलेले काम चालू आहे. गाण्यांत त्याचे स्वतःचे नाव आहे, गावाचे आहे, आणि एका गाण्यात आजीचेही आहे. येत्या आखाजीपर्यंत तो ती सगळी एकत्र प्रसिद्ध करील. त्या वेळी आपल्याकडे एक प्रत पाठवू. ती कोणीतरी पूर्ण ऐकावी, एवढीच अपेक्षा आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रेल्वे गार्ड,
अमळनेर, जि. जळगाव